टेबल नंबर चारचा हात

बसा नीट. मी तेव्हा मेडिकल कॉलेजात डिसेक्शन हॉलचा शिपाई होतो. तुमच्यासारखीच पोरं मला मामा म्हणायची. त्यातला एक लांब्या. हुशार, पण उतावळा.

डिसेंबरातला दुसरा बुधवार होता. गुरुवारी अॅनाटॉमीची परीक्षा, आणि लांब्याची ही शेवटची संधी. नापास झाला तर गाशा गुंडाळून घरी. टेबल नंबर चारवरच्या प्रेताचा हात चिरून शिकायला त्याच्या वाट्याला आलेला आणि पठ्ठ्याने घोळ घालून ठेवलेला. कोपराच्या पुढे, जिथून तुमचं रक्त काढतात ना, त्या खळगीत बाहेरून आत तीन गोष्टी ओळीने असतात. बायसेप्सचा टेंडन म्हणजे दंडाच्या स्नायूचा दोर, मग आर्टरी म्हणजे धमनी, मग मीडियन नर्व्ह म्हणजे मज्जातंतू. याने चरबी समजून नर्व्हच कापली. कोणाला सांगितलं नाही. वरची कातडी सारखी केली आणि मोकळा झाला.

बेत साधा होता. हॉलमध्ये लपायचं, रात्री दोन टोकं शिवायची, सकाळी दार उघडलं की सटकायचं. कुलूप लावण्याआधी मी तीनदा हाक मारायचो, "कोण राहिलंय का?" त्याही दिवशी मारली. लांब्या टेबलाखाली गप्प. साडेसातला कुलूप घालून मी घरी गेलो आणि ढाराढूर झोपलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सव्वाअकराला पहारेकऱ्याची फेरी संपली. लांब्याने टॉर्च लावला, कातडी उचलली. हात कोपरात जरा वाकलेला होता. सरळ करायला त्याने आपल्या उजव्या हातात तो पंजा धरला. शेकहँड करतो तसा.

करंगळी वाकली.

मग शेजारचं बोट.

दोनच. अंगठा आणि बाकीची दोन ताठ. का, ते लांब्याला पाठ होतं. ती नर्व्ह तुटली की ती तीन बोटं वळत नाहीत.

त्याने हात ओढला. अख्खं प्रेत सरकलं... पकड सुटली नाही. ओरडला. पहारेकरी लांब फाटकावर, दाराला कुलूप.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "जोडून देतो. सोडा मला."

बोटं थांबली... ऐकल्यासारखी.

डाव्या हातात सुई. धाग्याचं टोक दातांत. तोंड त्या खळगीशी. प्रेत टिकवायला लावतात त्या फॉर्मालिनने डोळे गळत होते. एक टाका. दुसरा. गाठ ओढली... टोकाला टोक लागलं.

अंगठा हलला.

मग पहिलं बोट...

मग मधलं.

आता पाचही.

"मग, मामा?" विचारताय ना? सांगतो.

...

सकाळी सातला मी कुलूप काढलं. लांब्या टेबलाशी बसलेला. प्रेताचा पंजा उघडा. लांब्याने सगळं सांगितलं, मला काही खरं वाटेना. दहाला परीक्षक आले. त्यांनी कातडी उचलली. नर्व्ह अखंड. टाका नाही, काप नाही.

"सुरेख काम केलंय," ते म्हणाले.

लांब्या पास झाला. सही करायला मी पेन पुढे केलं. ते पडलं. उचलून दिलं... परत पडलं.

"मामा," तो हळूच म्हणाला, "अंगठा वळत नाहीये. ही दोनही."

मोठ्या सर्जननी त्याचं उजवं कोपर कितीदा तरी तपासलं. आत नर्व्ह तुटली आहे म्हणाले. वर कातडीला साधा ओरखडा नव्हता.