डावखुरी गाठ

जाळं डोळ्यांनी तपासायचं नसतं. दाभोळात आम्ही ते पायाच्या अंगठ्याला अडकवतो आणि नजर दुसरीकडे ठेवून बोटांतून एकेक घर पुढे सरकवतो. बोट चुकत नाही, असं माझा नवरा लवू म्हणायचा. त्याची एकच गंमत होती. बोटावर बोट चढवून मधल्या फटीत वाटाणा फिरवायला लावायचा. एकाचे दोन वाटाणे लागायचे. "एवढ्यापुरती बोटं लबाड गो," म्हणून खदखदून हसायचा.

नारळी पुनव झाली आणि पहिल्याच फेरीत लवू गेला. होडीवर तो आणि थोरला भाऊ संदेश, दोघंच. परत आले ते संदेश भावजी आणि हे जाळं. लवूचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. "जाळं खडकात फाटलं. लवू प्यायलेला, तोल गेला," असं भावजी धक्क्यावर ज्याला त्याला सांगत सुटले. प्यायलेला! दारूच्या वासानं ओकणारा माणूस तो! चोर तो चोर, वर शिरजोर.

जाळं मी शिवायला मागून घेतलं. दुपारी पडवीत बसले. माणूस आरपार जाईल एवढं भोक. कडेनं बोट फिरवलं आणि माझं डोकंच फिरलं. खडकावर फाटलेला दोरा कुसळासारखा टोचतो. ही टोकं सपाट होती. सगळी सुरीनं कापलेली.

तशीच संतापात सुई घ्यायला वळले, दुसरा हात जाळ्यावर होता. त्या हाताला भोकाच्या आत एक गाठ लागली.

पाहिलं तर काही नाही. मोकळी हवा, पलीकडे अंगणात वाळत घातलेले बोंबील.

डोळे मिटले. गाठ होती. ओली. शेजारी आणखी एक. पीळ उलटा, डावीकडे. आमच्या वाडीत अशी गाठ मारणारा डावखुरा एकच होता.

भास असेल, मी स्वतःला म्हटलं. मग बोटावर बोट चढवून ती गाठ फटीत धरली. एकाच्या दोन झाल्या. बोटांना फसवायला तरी आत काहीतरी हवंच ना?

रोज दुपारी भोक बोटांना लहान लागत गेलं. डोळ्यांना होतं तेवढंच.

एका दुपारी भावजी जाळं न्यायला आले.

"झालं काय गो शिवून?"

"हात घालून बघा."

"भोक तर तसंच हाय."

"डोळे मिटा नि घाला म्हणते ना!"

माझा आवाज ऐकून त्यांनी हात घातला. चेहरा पांढराफटक पडला. ओढू लागले. हवेतून हात निघेना.

"सोड! लवू, सोड रे!"

मी जाळ्याला हातही लावलेला नव्हता.

"का कापलंत?"

"पाय अडकलेला त्याचा. जाळं खाली ओढत होतं. होडी उलटली असती गो..."

"जिवंत होता?"

खाडीत फेरीबोटीचा भोंगा वाजला. भावजींनी मान हलवली. हो.

तेव्हा हात सुटला.

आता ते रोज येतात, हात पुढे धरतात. "सावित्री, काढ गो हे." डोळ्यांना काहीच दिसत नाही. बोट फिरवलं की ओल्या गाठी लागतात. आधी मनगटावर होत्या, मग कोपरावर, मग खांद्यावर. मला त्या सोडवता येतात. लवूनंच शिकवलं होतं.

"सुरी हाय ना तुमच्याकडं?" एकदा मी म्हटलं. "कापा की."

जाळ्याच्या भोकात आता एकही गाठ लागत नाही.

आज भावजींनी हात नाही, मान पुढे केली. मी गळ्यावरून बोट फिरवलं. शेवटची गाठ ओली होती, आणि अजून सैल.