उठू नको, तपासणी चालू आहे

गोष्ट रचून सांगायची असती तर अमावास्येची रात्र घेतली असती. हे भर दुपारी घडलं. सुरतला, भेस्तानमध्ये, माझ्या मावशीच्या घरी. होळीनंतरचा सोमवार होता.

त्या दिवशी लूमना सुट्टी. एरवी त्या गल्लीत मागांच्या खडखडाटात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दुपारी मात्र... पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू येत होती.

माझा मावसभाऊ वाल्मिक आणि त्याचा दोस्त भूपेंद्र मिळून ऑनलाइन गेमचा सर्व्हर चालवायचे. मैदान यांचं, नियमही यांचेच. सर्व्हरचं मशीन वाल्मिकच्या घरात, कोपऱ्यात. कुणी चीटिंग करतोय असा संशय आला की त्याला खेळातल्या एका रिकाम्या खोलीत नेऊन उभं करायचं. तिथे हलता येत नाही. तपासणी संपेपर्यंत त्यानं घरीसुद्धा खुर्ची सोडायची नाही.

उठला की लबाड ठरला. कायमचा बाहेर.

फार मिजास होती दोघांना या नियमाची.

दिवाळीआधी त्यांनी दत्तूला असंच उभं केलं. दत्तू लूमवर रात्रपाळी करून दुपारी खेळायचा. हेडफोनमधून तो म्हणाला, "वाल्मिकभाऊ, गॅसचा वास ई राह्यना. देखीसन येऊ का?"

"सगळे असंच काहीतरी सांगतात," वाल्मिक हसला. "उठू नको. तपासणी चालू आहे."

तपासणी कसली डोंबलाची... दोघंही जेवायला निघून गेले.

दत्तू बसून राहिला. खरा होता ना, म्हणून.

सिलिंडर फुटल्याचं संध्याकाळी कळलं.

वाल्मिकनं दत्तूचं खातं पुसलं आणि सर्व्हर चालू ठेवला. माझाच भाऊ आहे, तरी सांगतो, नालायकपणा केला.

तर तो सोमवार. वाल्मिकची धाकटी बहीण धनश्री कॉलेजातून येऊन आपल्या कॉम्प्युटरवर खेळत बसली होती. वाल्मिक पलंगावर लोळत होता.

कीबोर्डची टकटक एकदम थांबली...

"भाऊ, मला त्या खोलीत का आणलंस?"

वाल्मिक उठून बघतो तर खरंच. रिकामी खोली, मधोमध धनश्री. आणि तिच्या शेजारी... आणखी कुणीतरी. डोक्यावर नाव नसलेलं.

त्यानं भूपेंद्रला फोन लावला.

"मी तर पर्वत पाटियाच्या नाक्यावर आहे, भाई. बाइकवर. मी कशाला उभं करू तिला?"

वाल्मिकनं तिला सोडायची कमांड दिली. काही झालं नाही. मग त्यानं कोपऱ्यातल्या मशीनची वायरच उपटली. मशीनचे दिवे गेले.

धनश्रीच्या स्क्रीनवर ती खोली तशीच होती.

आणि मग वास आला... गॅसचा.

स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला, "गॅस तं बंद से. मंग वास कशाना?"

वाल्मिकनं धनश्रीचा दंड धरून ओढलं. काडीसारखी पोरगी, पण जागची हलेना. डोळ्यांतून नुसतं पाणी गळत होतं.

"उठले तर लबाड ठरेन, भाऊ. तो म्हणतोय, बस."

वाल्मिकनं तिचा हेडफोन स्वतःच्या कानाला लावला.

आत कुणी बोलत नव्हतं. फक्त श्वास... वाट बघत बसलेल्या माणसाचा.

"दत्तू, तू खरा होतास रे," वाल्मिक रडायला लागला. "चूक माझी आहे. मला उभं कर. हिला सोड."

श्वास तसाच चालू राहिला.

त्यानं हात जोडले, शिव्या दिल्या, मावशीनं दारं-खिडक्या उघडल्या. कशाचा काही उपयोग झाला नाही. दोघं तिच्या पायाशी बसून राहिले.

मग आपोआप वास गेला. स्क्रीन काळी झाली. धनश्री खुर्चीत सैल पडली.

वाल्मिक नंतर मला म्हणाला, "आम्ही तेव्हा जेवायला गेलो होतो ना... तेवढाच वेळ लागला."

सर्व्हर बंद झाला. मशीन भंगारात गेलं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सगळ्यांचं आटोपलं तरी धनश्री ताटावरून उठेना.

"जाऊ का?" तिनं हळूच विचारलं.

"जा ना, माय. कोन्ले इचारस?" मावशी म्हणाली.

धनश्री तिच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही. जिथे मशीन असायचं त्या कोपऱ्याकडे बघत होती... उत्तराची वाट बघत.

आम्हीही खरकट्या हातांनी तसेच बसून राहिलो. कुणालाच उठायचा धीर झाला नाही.