दोऱ्याचा जोड

बदल की. स्टिअरिंग बदलणं म्हणजे काही हृदयाचं ऑपरेशन नाही. व्हिडिओ बघितलास ना, मग झालं. तुझी गाडी जुनी, तिच्यात एअरबॅगचं लचांड नाही, त्यामुळे घरच्या घरी जमेल. तुझ्या मामानं चाळीस वर्षं गॅरेजमध्ये गाड्यांच्या वायरी जोडल्या, एवढं तर मी खुर्चीत बसून सांगू शकतो. हल्ली तेवढंच जमतं, गुडघे संपावर गेलेत.

पण भंगारातलं स्टिअरिंग आणलंय म्हणतेस. मधली हॉर्नची टोपी उघडून बघितलीस का? नाही ना. मग बसा दोघं भावंडं. मघाशी भुताची गोष्ट हवी होती ना, ही घ्या. यात भूत आहे की नाही ते मला विचारू नका. मी फक्त वायर बघितली.

माझा एक दोस्त होता. छापखान्यात मशीन चालवायचा. त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे, कारण कोणीही कुठेही निघालं की हा म्हणणार, सावकाश जा. त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि शनिवारची पाळी सकाळी सहाची. घर गावाबाहेर, रस्ता संपतो तिथे. पहाटे तिथं कुत्रंसुद्धा येत नाही, वाहन कुठलं येतंय. ॲम्ब्युलन्स बोलावली होती एकदा, ती दीड तासानं आली. त्यामुळे त्याची ती खटारा गाडी म्हणजे त्याच्या बायकोचा श्वास होता, असंच समजा.

त्या आठवड्यात गुरुवारची पाळी चुकली. हॉस्पिटलचं मशीन बंद होतं. शुक्रवारी संध्याकाळी बाईचे पाय सुजलेले, आडवं पडलं की धाप लागायची, म्हणून तीन उशा लावून बसलेली. आणि त्याच संध्याकाळी कामावरून येताना याच्या स्टिअरिंगच्या मधल्या तीनपैकी दोन दांड्या तुटल्या. वर्तुळ हातात यायचंच बाकी होतं. हॉर्न तर कधीचाच गेलेला. मी परगावी. गॅरेज बंद. हा तसाच भंगारवाल्याकडे गेला आणि त्याच मॉडेलच्या चेपलेल्या व्हॅनचं स्टिअरिंग घेऊन आला. डाव्या अंगठ्याच्या जागी ते झिजून गुळगुळीत झालं होतं.

नोव्हेंबरातला शुक्रवार. अमावास्या वगैरे काही नाही, साधा दमलेला शुक्रवार. बारा तास मशीनपाशी उभं राहून आलेला माणूस रात्री साडेअकराला शेडमध्ये दिवा लावून कामाला लागला. बॅटरीची वायर काढली. टोपी उघडली, हॉर्नची वायर सोडवली. मोठा नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. दोन आटे ठेवायचे असतात, नाहीतर ओढताना अख्खं स्टिअरिंग तोंडावर येतं. हे लक्षात ठेव. मग स्टिअरिंग ज्यावर बसतं त्या आतल्या दांड्यावर खडूनं खूण केली, म्हणजे नवीन बसवताना सरळ बसतं, आणि जुनं ओढून काढलं. सगळं मी शिकवल्याप्रमाणे.

नव्याची टोपी उघडली तर आत हॉर्नची वायर एकदा तुटून जोडलेली. टेप नाही. पांढऱ्या शिवणाच्या दोऱ्यानं जोडलेली. वेढ्याला लागून वेढा, गाठ आतल्या बाजूला. मला म्हणाला, "असा जोड कुठल्या मेकॅनिकचा नसतो रे. कोणीतरी जीव लावून केला होता." पण दोऱ्यावर भरवसा कसा ठेवणार? कात्रीनं कापला, डब्यात टाकला. वायर सोलून पिळली, काळी टेप मारली.

आणि मग चूक केली. छापखान्यातल्या माणसाच्या हातात चिंधी आली की तो दिसेल ते पुसतो. दांड्यावर ग्रीस दिसलं, यानं पुसलं. खडूची खूणही गेली. स्वतःला चार शिव्या घातल्या आणि अंदाजानं स्टिअरिंग बसवलं. नट आवळला, टोपी लावली. एक चाळीस झाले होते. डोळे मिटत होते.

तेवढ्यात हॉर्न वाजला. दोनदा छोटा. एकदा लांब.

आतून बायको म्हणाली, "कोण आलंय हो?"

"कोणी नाही. हात लागला माझा."

हात लागला नव्हता. तो उंबऱ्यात उभा राहून पाणी पीत होता. आणि बॅटरीची वायर अजून सुटीच होती...

पण तो घाबरला नाही. मला म्हणाला, "घाबरायलासुद्धा अंगात जोर लागतो." त्यानं वायर जोडली. स्टिअरिंग सरळ बसलंय की नाही हे बघितल्याशिवाय बायकोला गाडीत कशी बसवणार? म्हणून एक चक्कर मारून येतो म्हणाला.

"सावकाश जा," बायको म्हणाली. ती कधीकधी त्याची अशी चेष्टा करायची.

रस्ता मोकळा होता. गाडी डावीकडे ओढत होती. त्याला वाटलं, खूण पुसली त्याचं फळ. उजवीकडे वळवायला गेला तर वळेना. जोर लावला. वळेना. ब्रेक मारला. ब्रेक लागत होता, गाडी थांबत होती. पण ब्रेक सोडला की स्टिअरिंग आपलं आपण फिरायचं. डावीकडे. मग उजवीकडे. एक गल्ली. दुसरी गल्ली. त्याचे हात नुसते त्यावर ठेवलेले. अंगठा त्या झिजलेल्या जागी...

एका लोखंडी फाटकासमोर गाडी थांबली. दोन वाजून दहा मिनिटं.

हॉर्न वाजला. दोनदा छोटा. एकदा लांब.

घरात दिवा लागला.

सत्तरीची एक बाई बाहेर आली. अंगावर शाल, हातात किल्ली. तिनं फाटकाचं एक दार उघडलं, मग दुसरं. गाडीकडे न बघताच म्हणाली, "किती उशीर रे. झाकून ठेवलंय, गरम करते."

ती खिडकीशी आली. वाकली. बघितलं.

"मुलाला जाऊन तीन वर्षं झाली," ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं, नुसता थकवा. "रोज याच वेळेला हॉर्न ऐकू येतो. उठते, फाटक उघडते. रस्ता रिकामा. आज गाडी आली... आणि आत तुम्ही."

"आई, मी... हे स्टिअरिंग भंगारातून..."

तिनं हात आत घातला. स्टिअरिंगच्या मधोमध ठेवला. बराच वेळ.

"माझा दोरा काढलात?"

त्यानं मान हलवली.

"टेप नव्हती त्याच्याकडे त्या दिवशी. मीच बांधून दिला होता."

यानं निघायचं बघितलं. स्टिअरिंग इकडे नाही, तिकडे नाही. जाम. मग मात्र धीर सुटला त्याचा. छापखान्यातला तो राकट माणूस रडायला लागला. "सहा वाजता बायकोला हॉस्पिटलात न्यायचंय, आई. गुरुवारचं चुकलंय. आज नाही गेलो तर ती..."

बाई अजून खाली वाकली. त्याच्याशी नाही, स्टिअरिंगशी बोलली. अगदी हळू. "सोड रे बाळा. त्यांची घरी कोणीतरी वाट बघतंय. मी काय, आहेच इथं."

स्टिअरिंग सैल पडलं.

येताना गाडी नाकासमोर आली. बायको उशांना टेकून जागीच होती. सहाला पाच कमी असताना दोघं हॉस्पिटलच्या दारात. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. त्यानंतर चार वर्षं जगली ती. आठवड्यातून तीनदा, त्याच गाडीतून, तेच स्टिअरिंग.

त्या बाईकडे तो पुढे एकदा जाऊन आला. स्टिअरिंग परत देतो म्हणाला. ती नको म्हणाली. "हॉर्न थांबला. आता झोप लागते मला," एवढंच म्हणाली.

पण मी सांगतोय ते त्या आधीचं, त्या रविवारचं. मी परगावाहून आलो तर हा दारात बसलेला. गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मी त्या टोपीला हात लावणार नाही. तू बघ." शनिवारी हॉस्पिटलातून आल्यापासून गाडी त्याच्या शेडमध्ये होती, शेडला कुलूप.

मी टोपी उघडली. काळी टेप सोडवून, नीट गुंडाळून आत ठेवलेली होती. वायरीवर पांढरा दोरा. वेढ्याला लागून वेढा, गाठ आतल्या बाजूला. मी टोक चिमटीत धरून बघितलं.

ओलं होतं. सुईत ओवायच्या आधी बायका दोऱ्याचं टोक ओठांत धरतात ना... तसं.