टाचेखालचा हात

आष्ट्याच्या पद्माक्का त्या दिवशी ड्यूटीवर आल्या त्या रोजच्यासारख्याच. एसटीनं सांगली, स्टँडवरून पायी इस्पितळ, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत डबा. डबा दिवे लागायच्या आत संपवायचा, हा जैनाघरचा नेम त्यांनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत मोडला नव्हता. निवृत्तीला चार महिने उरले होते. वैशाख होता. दुपारचे पावणेदोन झालेले, आणि व्हरांड्यातला फिनेलचा वास उन्हानं तापून नाकात चढत होता.

मेट्रन प्रीती वयानं लेकीसारखी. एके काळी पद्माक्कांच्याच हाताखाली शिकलेली. ती मान वर न करता म्हणाली, "आक्का, आजपासून दोन ते आठ तुम्ही कैद्यांच्या खोलीत."

"कोण हाय?"

"मणक्याचा पेशंट आहे. साताऱ्याकडून आणलाय. कमरेखाली जीव नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची. एवढंच."

एवढंच म्हणतानाही प्रीतीची मान खालीच. पद्माक्कांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला. ऋषिराज. वय छत्तीस. तालुका खंडाळा. पुढचं वाचायची गरज पडली नाही.

याच्या बायकोला, राणीला, पद्माक्कांनी शिकवलं होतं. पोरगी डावखुरी, बडबडी, पण रुग्णाच्या अंगाला हात लावला की गप्प व्हायची. पास होऊन वाईतल्या एका प्रसूतिगृहात लागली आणि लग्न होऊन याच्या घरी गेली. एका सकाळी ती रात्रपाळी करून झोपली असताना यानं तिच्या तोंडावर उशी दाबली. कारण काय, तर नोकरी सोड म्हटलं आणि तिनं सोडली नाही. मग आतल्या खोलीला कुलूप घालून हा तीन दिवस ओट्यावर बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, 'राणी ड्यूटीवर गेलीय.' तिच्या आईलासुद्धा हेच सांगितलं. पोलीस आले तेव्हा यानं गच्चीवरून उडी टाकली. मरायला नव्हे, पळून जायला. पडला तो पाठीवर.

"प्रीती, हा पेशंट मला नको."

"आक्का, पेशंट हा पेशंट असतो. तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"शिकवलं तवा तो माझ्याच पोरीचा जीव घेऊन येणार हाय, हे कुठं ठाऊक होतं?"

"प्रत्येकीनं असं म्हटलं तर मी तिथं कुणाला उभी करू? तुम्ही नाही गेलात तर एखादी नवी पोरगी जाईल. चालेल?"

यावर पद्माक्का गप्प झाल्या. अशा जागी बायांना नेहमी असंच गप्प केलं जातं, दुसऱ्या एखाद्या बाईचं नाव पुढं करून. न्यायाधीश त्याला उंच खुर्चीवरून बघणार, वकील टेबलापलीकडून, डॉक्टर दाराशी उभं राहून. त्याच्या अंगाला हात लावायचा, त्याची घाण काढायची, त्याला पावडर लावायची ती मात्र बाईनंच. आणि वर म्हणायचं, सेवा आहे! सेवा म्हटलं की विचारायची सोयच उरत नाही.

कैद्यांची खोली तळमजल्याच्या टोकाला होती. एकच खाट, तिच्याभोवती हिरवा पडदा, एक जाळीची खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभरावर भिंत. दाराला लोखंडी गज. गजांच्या बाहेर नर्सचं टेबल, आणि शेजारी स्टुलावर शिपाई तानाजी. तानाजी आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरचा. खोलीची किल्ली त्याच्या कमरेला.

"आक्का, तुमी आला ते बरं झालं," तो म्हणाला. "सकाळची पोरगी तोंड फिरवून पाणी पाजत हुती. निम्मं उशीवर."

"मग तू पाजायचं होतंस."

"म्या? मला फकस्त राखायला सांगितलंय. आमी मेंढरं राखली, त्यास्नी पाणी दावताना कंदी जिवावर आलं न्हाई. ह्याच्याजवळ मात्र जाववत न्हाई बघा."

पडद्याआड तो पडला होता. दिसायला अगदी साधा. दाढी केलेली, डोळे शांत. एवढ्या मोठ्या पापाला एवढा साधा चेहरा असावा, याचाच पद्माक्कांना आधी राग आला. त्यांनी त्याच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले, सवयीनं हळूच मोजलं, एक, दोन, तीन, आणि त्याला डाव्या कुशीवर घेतलं.

"जरा हळू," तो म्हणाला. "माझी बायको पण नर्स होती. तिचा हात हलका होता."

पद्माक्कांचे दात एकमेकांवर बसले. त्यांनी काम केलं, तक्त्यावर वेळ लिहिली, सही केली. दोन, चार, सहा, आठ. असे पाच दिवस काढले.

सहाव्या दिवशी पाठ पुसताना तो स्वतःहून बोलला. आवाजात ना पश्चात्ताप, ना भीती. "तुम्हाला माझा राग आहे, कळतंय. पण सिस्टर, तिनं नोकरी सोडली असती तर आज जिवंत असती. मी काय हौसेनं केलं?"

पद्माक्कांनी ओला कपडा भांड्यात टाकला. त्याला उताणा ठेवला, तसाच. बाहेर येऊन टेबलाशी बसल्या.

त्यांनी मनाशी ठरवलं असं काही नाही. फक्त चार वाजले आणि त्या उठल्या नाहीत. घरात पाणी गाळून पिणारी, वाटेतल्या मुंगीला वळसा घालणारी बाई ती. पण आपण हात उचललाच नाही, नुसतं बसून राहिलो, तर पाप कुणाच्या नावावर? हाडापाशी कातडी लाल होईल, मग काळी पडेल, मग उघडी होईल. पडून राहिलेला माणूस असाच जातो, हळूहळू, कुणी काही न करता. राणीला त्यानं चार मिनिटं दिली होती. त्याला चार आठवडे मिळतील. वाईट काय आहे?

पंखा घरघरत होता. तानाजी भिंतीला डोकं टेकून पेंगत होता. तेवढ्यात वास आला.

फिनेलचा नव्हे, स्पिरिटचा नव्हे. ओवा आणि शेपा निखाऱ्यावर टाकल्यावर येतो तो. बाळंतिणीच्या खोलीतला. या इस्पितळात धुरी घालायला मनाई होती आणि कैद्यांच्या खोलीत बाळंतीण कुठून येणार?

मग पडद्याआड खाट करकरली... आणि कुणीतरी अगदी हळू, श्वासातच मोजलं.

एक... दोन... तीन...

पद्माक्का बसल्या जागी थिजल्या. कमरेखाली जीव नसलेला माणूस एकट्यानं कूस बदलत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग त्यांनी तानाजीला हलवलं.

"आत कोण गेलं?"

"कोन जानार? किल्ली हितं हाय." त्यानं कमरेवर हात आपटला. मग त्याचं नाक हललं. "आक्का... कसला वास येतुया?"

"दार उघड."

पडदा सारला. ऋषिराज उजव्या कुशीवर होता. पाठीशी उशी लावलेली, गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली चादर, चादरीला एक सुरकुती नाही. आणि टाचांखाली दोन हात.

हात म्हणजे रबरी हातमोजे. पडून राहणाऱ्याच्या टाचा गादीवर घासून सडू नयेत म्हणून हातमोज्यात पाणी भरायचं, हवा काढायची, मनगटाशी गाठ मारायची आणि तो मऊ पंजा टाचेखाली ठेवायचा. ही पद्माक्कांचीच शिकवण. पण आज त्यांनी हातमोजे भरले नव्हते. त्यांनी वाकून गाठ पाहिली. गाठ उलट्या अंगानं मारलेली होती. डाव्या हातानं मारल्यावर पडते तशी. अशी गाठ त्यांच्या वर्गात एकीचीच पडायची, आणि सगळ्या पोरी तिला हसायच्या.

पद्माक्कांनी त्या पंज्याला बोट लावलं. आतलं पाणी कोमट होतं. माणसाच्या तळहाताइतकं.

ऋषिराजचा शांत चेहरा कुठल्या कुठं गेला होता. कपाळावर घाम डवरला होता. "सिस्टर... तुम्हीच करा. वेळेवर करा. रात्रीच्या पोरी चुकवतात तेव्हा ती येते. तुम्ही केलं की येत नाही."

"कोण?"

"ड्यूटीवर येते..." तो कुजबुजला. "बोलत नाही. सगळं नीट करते. अगदी नीट. आणि शेवटी उशी उचलते... झटकते... आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहते. मग उशी डोक्याखाली ठेवते. दर वेळी मला वाटतं, या वेळी..."



तानाजी बाहेर पडद्याला धरून उभा होता. परत टेबलापाशी आल्यावर तो म्हणाला, "आक्का, राग यिल तुमास्नी, पर मला बरं वाटलं बघा. भिऊ दे की त्याला. तुमी नुसतं बसून ऱ्हावा. ती यिल, तो भिईल. कोर्टानं दिली न्हाई ती शिक्षा आयती!"

खरंच सोपं होतं. पद्माक्कांनी फक्त बसून राहायचं. पण त्यांच्या डोळ्यांपुढं त्याचा घामेजला चेहरा राहिला नाही. त्यांना दिसली ती सुरकुती नसलेली चादर. आणि त्यांचं मस्तक असं पेटलं की विचारू नका.

"तानाजी, अरे ती कुणाची घाण काढतीय? ज्यानं मारलं त्याची! जिती असताना घरी राबली, ड्यूटीत राबली, झोपेत मेली. आता मेल्यावरबी तिनं ह्याच्याच टाचा उचलायच्या? शिक्षा ह्याला हाय का तिला? आणि मी हितं पंख्याखाली बसून तिला राबवू? म्हंजे ह्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"



त्या दिवसापासून पद्माक्कांनी त्या माणसाची अशी शुश्रूषा केली की दुसऱ्या कुणाची कधी केली नसेल. घड्याळाचा काटा दोनवर यायच्या आत त्या पडद्याआड असायच्या. सकाळच्या आणि रात्रीच्या पोरींना बजावलं, एक मिनिट चुकलं तर गाठ माझ्याशी आहे. दया नव्हती ती. त्याचं अंग पुसताना त्यांचा राग तसूभर कमी झाला नाही. एकदा तो डोळे भरून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही देवमाणूस आहात." तर त्या फाडकन म्हणाल्या, "गप पड. तुझ्यासाठी करत न्हाई मी." वास पुन्हा आला नाही. खाट पुन्हा करकरली नाही. त्यांना वाटलं, पोरगी निजली एकदाची.

चार महिन्यांनी पद्माक्का निवृत्त झाल्या. त्याच आठवड्यात ऋषिराजला परत तुरुंगात नेलं. स्ट्रेचरवरून जाताना तो लहान मुलासारखा रडत होता, "तिथं मला कोण वळवणार? तिथं वेळेवर कोण वळवणार?" पद्माक्का हारतुरे घेऊन घरी आल्या.

दिवाळीनंतर तानाजी आष्ट्याला आला. त्याच्या घरच्यांची मेंढरं खतासाठी तिथल्याच एका शेतात बसवली होती. भाऊबंदांना भेटून तो पद्माक्कांच्या दारात आला, चहा घेतला, मेंढरांचं, पावसाचं बोलला. कप खाली ठेवला तरी त्याची नजर कपातच.

"आक्का, त्याला तारखेला कोर्टात न्यायची पाळी माझ्यावर आलती."

"जिवंत हाय?"

"हाय की. बराकीत कुनी त्याच्या अंगाला हात लावत न्हाई. दोन महिने झालं. पर डाक्टर म्हनला, पाठीवर एक डाग न्हाई. ल्हान पोरावानी कातडं."

पद्माक्कांनी डोळे मिटले. "म्हंजे ती पोरगी अजून..."

"तेच सांगतुया." तानाजीचा आवाज खाली आला. "तो म्हनतो... आता दोघी येत्यात."

"दोघी?"

"एक ती. दुसरी म्हातारी. चष्मा लावलेली. तोंडानं मोजती म्हनं... आनि त्यानं आभार मानलं की फाडकन म्हनती, गप पड."

"काय बोलतोस? मी जिती हाय रं! हितं हाय, माझ्या घरात!"

"मला ठावं हाय, आक्का. म्हनून तर आलो. दुपारच्याला येत्यात म्हनं. दोन वाजता."

निवृत्त झाल्यापासून पद्माक्का दुपारी दोनला आडव्या व्हायच्या. आठला उठायच्या त्या कमरेत काटा भरल्यागत, जेवणाचा नेमसुद्धा चुकवून. सून म्हणायची, आत्ती, इतक्या वर्षांचा शीण आहे, झोपा की.

दुसऱ्या दिवशी त्या आडव्या झाल्याच नाहीत. पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांचं सूप घेऊन उंबऱ्यात बसल्या, उन्हाकडं तोंड करून, डोळे टक्क उघडे. माझी नोकरी संपली, त्यांनी मनात ठणकावलं. मी उठणार नाही. आणि राणी, तूही उठायचं नाहीस. ऐकलंस का? कुणाचं देणं लागत नाही आपण. शेंगा फोडत राहिल्या. घरातलं घड्याळ दोनदा वाजलं.

"आत्ती! आवं आत्ती!"

सून दंड धरून हलवत होती. अंगणात दिवा लागला होता, आठ वाजून गेले होते. पद्माक्का परसातल्या नळाखाली हात धरून उभ्या होत्या. कोपरापर्यंत साबण चोळलेला, बोटं पाण्यानं सुरकुतलेली. उंबऱ्यात सूप तसंच होतं. जेमतेम मूठभर दाणे आणि बाकी सगळ्या शेंगा.

"किती येळ धुताय हात? हाका मारून मारून दमले मी. आणि हे काय लागलंय?"

साबण वाहून गेला तशी दोन्ही मनगटं उघडी पडली. एकेका मनगटावर चार बोटं आणि अंगठा, लालभडक, ताजे. उजव्या मनगटावरची बोटं बारीक होती, बाईची. डाव्यावरची जाड, पुरुषाची.