नसीमचं हसू

मंगळवारी संध्याकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी वाहिनीची वाणीगाळणी एकोणीस सेकंद बंद पडली. तेवढ्यात कबड्डीचे ज्येष्ठ समालोचक विद्याधर पोतनीस केनियाच्या चढाईपटूला त्याच्या रंगावरून जे म्हणाले, ते राज्यभर जसंच्या तसं ऐकू गेलं.

एरवी असं होत नसे. शब्द प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याआधी गाळणी त्यातला अपशब्द काढी आणि बोलणाऱ्याच्याच आवाजात बरा शब्द बसवी.

बुधवारी सकाळी नसीम याकूतचा फोन वाजला. मुरूडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातली नसीम सहा वर्षं समालोचनात पोतनीसांची जोडीदार होती. ते पुण्याच्या कक्षात, ती मुंबईच्या. ओळख सगळी कानातल्या आवाजाची. सामन्याआधी त्यांची "काय गं वाघिणी!" ही हाक आली की ती हसायची. मुरूडला भावानं होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, तेच नाव रंगवून घेतलं होतं.

"अकरा वाजता चौकशी समिती तुला बोलावणार आहे," पोतनीस म्हणाले. "सांभाळून घे."

"सर, तुम्ही असं बोलाल असं वाटलं नव्हतं."

"आता तूही? अगं, प्रेमानं म्हणतो मी. तुला नाही का सहा वर्षं तीच हाक मारत? खळखळून हसायचीस. तेवढंच सांग त्यांना."

"कुठली हाक, सर?"

फोनवर गाळणी नव्हती. पोतनीसांनी हाक मारली. ती 'वाघिणी' नव्हती.

नसीम तडक ध्वनी अभियंता दीपाली खोतच्या खोलीत गेली.

"गाळणी फक्त प्रेक्षकांसाठी ना, दीपालीताई?"

"तसं सांगायचं ठरलं होतं. तुमच्या दोघांमधली लाइनही तिच्यातूनच जाते. जोड्या टिकाव्यात म्हणून."

"मग मी ऐकलेलं काढून दे. मला हवंय ते."

दीपालीनं नजर चुकवली. "गाळलेलं ठेवत नाही आपण. नियमानं मूळ आवाजच जपायचा. चौकशीसाठी."

"आणि माझं हसणं?"

"त्यात गाळण्यासारखं काय होतं? ते आहे."

अकरा वाजता समितीच्या अध्यक्षांनी ध्वनिमुद्रण लावलं. पोतनीसांचा आवाज, तो शब्द, आणि लगेच नसीमचं हसू. स्वच्छ, मोकळं. मग दुसऱ्या सामन्याचं. मग तिसऱ्याचं.

"याकूतबाई, हसू तुमचंच?"

"माझंच. पण मी हे ऐकलंच नव्हतं. मला 'वाघीण' ऐकू यायचं. मुरूडला आमच्या होडीवर लिहिलंय, बघून या."

"होडी पुरावा होत नाही," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही काय ऐकलंत, याला दुसरा साक्षीदार कोण?"

नसीमनं दाराशी उभ्या दीपालीकडे पाहिलं. दीपालीनं वाहिनीच्या व्यवस्थापकांकडे.

दुपारी दोन वाजता समितीनं निर्णय राखून ठेवला. चार वाजता गुरुवारच्या सामन्याचं पत्रक निघालं. समालोचकांची दोन्ही नावं त्यावर आहेत. गाळणी दुरुस्त झाल्याचं वाहिनीनं कळवलं आहे.