सावकाश वाजवणारा ताराचंद

नागपूरच्या माणसाने रेल्वेत नोकरी करावी, गिरणीत करावी, फारच नशीब फळफळलं तर कचेरीत पंख्याखाली बसावं. पण जहाजावर? कोणत्याही दिशेने निघालं तरी समुद्र आगगाडीने अख्खा दिवस लांब, अशा गावात राहून हे खूळ कुणाच्या डोक्यात यावं! पण ते आलं. नागपूरजवळच्या कुही गावच्या रुपरावांच्या थोरल्या मुलीच्या, गोपिकेच्या डोक्यात आलं. आणि तिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं तिच्या आईलाही जमलेलं नव्हतं.

त्या दिवशी ती नागपूरच्या सदर भागातल्या एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढत होती. जिना एवढा अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने शहाणपण दाखवायलाच हवं. वरून एक तरुण उतरत होता. त्याच्या गळ्यात भलंमोठं अ‍ॅकॉर्डियन लटकलेलं होतं, आणि शहाणपण दाखवायचा दोघांचाही विचार दिसत नव्हता.

"आधी मले उतरू द्या," तो म्हणाला.

"काहून? मी अर्ध्यावर आली ना. तुमीच मागं व्हा."

"झालो असतो... पण पेटी अडकली."

खरंच अडकली होती. पट्टा कठड्याच्या खिळ्यात गुंतला होता. गोपिकेने हात लांब करून तो सोडवला, तेव्हा त्या पेटीने असा काही सुस्कारा टाकला की दोघांनाही हसू आवरेना. हसताना त्याच्या गालाला खळी पडते हे तिने पाहिलं, आणि आपण पाहिलं हे त्याला कळू नये म्हणून कपाळाला आठी घातली.

"डान्सच्या क्लासले आल्या का?" त्याने विचारलं. ती हो म्हणताच तो निमूटपणे मागे वळला. "मंग चला. मीच वाजवतो तिथं."

"मंग उतरत कायले होते?"

"चहा प्यायले."

"पेटी घेऊन?"

"वर ठेवली का सारेच दाबून पाह्यतात," तो गंभीरपणे म्हणाला. या माणसाचं नाव ताराचंद.

आता हे डान्सचं प्रकरण काय ते सांगायला हवं. गोपिका सदरमध्येच एका ब्युटी पार्लरमध्ये काम करायची. १९७४ साली नागपुरात बायकांनी केस कापून घ्यायला दुकानात जाणं म्हणजे चर्चेचा विषय. तरी पार्लर बऱ्यापैकी चालायचं. तिथे दर शनिवारी ग्रेस मॅडम केस सेट करायला येत. रेल्वेवाल्या अँग्लो-इंडियन घरातल्या या बाईंनी तरुणपणी एका विलायती कंपनीच्या प्रवासी जहाजांवर नोकरी केली होती. डोक्याला क्लिपा लागल्या की त्यांच्या तोंडून जहाज सुरू होई. वर झुंबरं आणि संगमरवर. खाली नोकरांच्या खोल्या पाण्याच्या पातळीच्याही खाली, एका खोलीत चार बाया, एकीवर एक पलंग. जहाज पश्चिमेला चाललं की रोज घड्याळ मागे करायचं. प्रवाशांच्या जिन्यावर पाऊल ठेवायचं नाही. दिवसभर आपलं काम करायचं, आणि संध्याकाळी बँड सुरू झाला की चांगला झगा घालून, ज्यांना जोडीदार नाही अशा प्रवाशांबरोबर नाचायचं, तेही हसतमुखाने. कारण तीही नोकरीच. इंजिनाच्या डोक्यावर दहा वर्षं झोपून मॅडमचा एक कान गेला होता, पण बोलताना डोळे असे चमकत की गोपिकेच्या हातातला कंगवा थांबायचा.

मग एका शनिवारी मॅडम म्हणाल्या की त्याच कंपनीला केस कापणाऱ्या मुली हव्या आहेत. मुंबईत परीक्षा होते. केसांची आणि जोडीने नाचायच्या वॉल्ट्झचीही.

गोपिका ज्यांच्याकडे राहायची त्या सुभद्रामावशीने कपाळावर हात मारला. परक्या गोऱ्यांच्या हातात हात देऊन नाचायचं, हे कुहीत कळलं तर? शिवाय उमरेडचं एक स्थळ आलेलं होतं, मुलगा शाळामास्तर, घरची धानाची शेती. गोपिकेने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की मी म्हातारी होईपर्यंत कुहीचं धान आणि उमरेडचं धान यांतला फरक पाहत बसणार नाही, मला पाणी पाहायचं आहे. शेवटी मावशीने तोड काढली: उन्हाळ्याच्या लगनसराईपर्यंत मुभा. तोवर जहाजाचं जमलं तर जमलं, नाहीतर मुकाट्याने बोहल्यावर चढायचं.

तर असा तो ग्रेस मॅडमचा क्लास. मॅडमचा ग्रामोफोन केव्हाच बिघडलेला, म्हणून ताराचंदला बोलावलेलं. त्याच्या वडिलांचा, महादेवरावांचा, लग्नातला बँड होता. तिथे ताराचंद क्लॅरिनेट वाजवायचा आणि इथे अ‍ॅकॉर्डियन. शिकायला दोन बँकेतले कारकून, एक रेल्वेचा गार्ड, नीला नावाची एक टायपिस्ट आणि गोपिका. मॅडम ज्याच्या त्याच्या पायांकडे बघत टाळ्या वाजवत मोजायच्या. गोपिकेचे हात कात्रीवर जितके चलाख, तितकेच पाय जमिनीवर जड. पहिल्या आठवड्यात तिने गार्डसाहेबांचे बूट इतक्यांदा तुडवले की ते सिग्नल न बघताच बाजूला होऊ लागले.

पण हळूहळू जमू लागलं. ताराचंदची धून सुरू झाली की तिला वाटे, ही आपल्यासाठीच थांबून थांबून पुढे जाते आहे... पाय आपोआप जागेवर पडत. क्लास सुटला की दोघं कोपऱ्यावर चहा घेऊ लागले. थंडीचे दिवस, तो कोटाच्या खिशातून संत्री काढायचा, ती सोलायची आणि अर्ध्याहून जास्त फोडी स्वतः खायची.

"जहाज नाही मिळालं, अन् तुमचं लगन ठरलं, तं बँड आमचाच सांगजा," तो एकदा म्हणाला.

"तुमी वाजवाल?"

"वाजवीन ना. धंदा आहे." थोडं थांबून म्हणाला, "बेसूर वाजवीन."

गोपिकेने फोड तोंडात टाकली आणि रस्त्याकडे पाहत राहिली. कान मात्र तापले होते. तुम्हीच का नाही जहाजावर जात, बँड असतो ना तिथे, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला की तिथे कागदावर लिहिलेले सूर वाचून वाजवावं लागतं आणि आपल्याला फक्त कानाने येतं. एवढं बोलून त्याने विषय बदलला.

जानेवारीत गोपिका मुंबईला गेली. बंदराजवळच्या त्या कचेरीत तिने एका विलायती बाईचे केस असे बसवले की बाई आरशासमोरून हलेना. मग रेकॉर्ड लागली आणि एक पिकल्या मिशांचा अधिकारी तिच्यासमोर झुकला. पहिल्या गिरकीतच गोपिकेच्या लक्षात आलं की गाणं पुढे पळतंय आणि आपण मागे. ती धापा टाकत मागे धावली, अधिकाऱ्याच्या बुटावर चढली, आणि रेकॉर्ड संपली तेव्हा ती चक्क भिंतीशी उभी होती. त्याच विलायती बाईंनी गोड आवाजात सांगितलं: हात उत्तम, पाय फार सावकाश. एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षा आहे.

परतीच्या प्रवासभर ती एकच विचार करत होती. मॅडमने तर पास केलं होतं. मग मुंबईचं गाणं एवढं वेगात कसं?

उत्तर क्लासमध्येच मिळालं. टाचेला फोड आला म्हणून ती बाकावर बसून होती. नीला गार्डसाहेबांबरोबर नाचत होती, ताराचंद नेहमीचीच धून वाजवत होता आणि गोपिका बोटाने बाकावर ताल धरत होती. बोटाला पळावं लागत होतं. थोड्या वेळाने तिची पाळी आली, फोड विसरून ती उठली, तीच धून सुरू झाली आणि जोडीदाराच्या खांद्यावरचं तिचं बोट निवांत झालं. ती मधोमध थांबली. एक कान गेलेल्या आणि पायांकडे बघूनच टाळ्या वाजवणाऱ्या मॅडमला काही कळलं नाही. ताराचंदला कळलं. त्याचा चेहरा उतरला.

क्लास सुटल्यावर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या पाळीले तुमी सावकाश वाजवता."

तो पेटीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

"काहून?"

"तुमचा पाय मागं पडे, तुमचं तोंड उतरे... मले पाहवत नवतं." मग त्याने मान वर केली. "आन् खरं सांगू? लवकर शिकल्या तं लवकर जाल, हे बी होतं. पयले नवतं. मंग झालं."

अशा वेळी नायिकेने पापण्या झुकवाव्यात, अशी रीत आहे. गोपिकेच्या मात्र डोक्याची शीर तडतडली. या माणसाचं आपल्यावर प्रेम आहे, हे तिला लख्ख कळलं. आणि याच माणसाने मुंबईत आपलं जहाज बुडवलं, हेही तितकंच लख्ख कळलं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. रडावं की पेटी हिसकावून जिन्यावरून फेकावी, हे तिला ठरवता येईना.

"माया करायची असन तं अशी नका करू," ती शेवटी म्हणाली. "उद्यापासून भराभर वाजवा. जहाजावर वाजते तितकं."

"पडाल ना वं..."

"पडीन. उठीन."

पार्लर उघडण्याआधी, सकाळी, ती रोज येऊ लागली. जोडीदार म्हणून कधी नीला, कधी स्वतः ग्रेस मॅडम. ताराचंद वाजवत होता, आणि आता खरंच वेगात. ती अडखळली तरी तो थांबत नसे. थांबू नको, असं तिनेच बजावलं होतं. ती आपटायची, ओठ चावत उठायची आणि पळत्या धुनेत पुन्हा शिरायची. गुडघे निळे झाले. फेब्रुवारी सरला, ऊन तापू लागलं, त्याच्या कपाळावरून घाम ओघळायचा आणि डोळ्यांत जायचा, पण पुसायला हात मोकळा नसे. नीट जमलेल्या प्रत्येक गिरकीबरोबर आपण आपल्याच हाताने हिला दूर ढकलतो आहोत, हे त्याला कळत होतं. त्याला कळतंय हे तिलाही कळत होतं. कधी गिरकी घेताना नजरानजर झाली की दोघंही दुसरीकडे बघत.

मार्चअखेर एका सकाळी तिने अख्खी धून एकाही चुकीशिवाय पार केली. मॅडमने टाळ्या वाजवल्या. ताराचंदने पेटी मिटली, गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवली, आणि चहा प्यायला खाली उतरून गेला. गोपिका खिडकीतून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. त्या क्षणी कुणी विचारलं असतं, तर तिने समुद्रसुद्धा जरा लांबणीवर टाकला असता. बरं झालं कुणी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये तोच पिकल्या मिशांचा अधिकारी तिच्यासमोर झुकला आणि या वेळी धाप त्याला लागली. नऊ महिन्यांची नोकरी. मे संपायच्या आत जहाजावर हजर व्हायचं.

नागपुरात परतल्यावर पहिला दिवस घरातच गेला. कुहीहून वडील, रुपराव, आले होते. उमरेडवाल्यांना काय सांगू, या त्यांच्या प्रश्नाला, मीच सांगते, असं उत्तर गोपिकेने दिलं. मग, तुझी आई अशीच हट्टी आहे, म्हणून त्यांनी चप्पल पायात घातली आणि ते स्वतःच उमरेडला गेले.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली, तर जिन्याला कुलूप. लगनसराई ऐन भरात, ताराचंद रोज कुठल्या ना कुठल्या वरातीत. बँड आज शहराच्या दुसऱ्या टोकाला, सक्करदऱ्याला आहे, एवढं तिला कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून कळलं. गोरज मुहूर्ताची वरात, ऊन नुकतंच कललेलं, डांबर अजून चपलेला चिकटत होतं. घोड्यावर घामाघूम नवरदेव, पुढे नाचणारे वऱ्हाडी आणि त्यांच्यापुढे लाल कोटातला महादेवरावांचा बँड. पहिल्या रांगेत गाल फुगवून क्लॅरिनेट वाजवणारा ताराचंद.

गोपिका सरळ त्याच्या बाजूला जाऊन चालू लागली. त्याचे डोळे मोठे झाले, पण वाद्य तोंडात. चालत्या वरातीत वाजवणाऱ्याने वाद्य खाली घ्यायचं नाही, हा महादेवरावांचा शिरस्ता.

"मी पास झाली," ती म्हणाली. "नऊ महिने चालली."

क्लॅरिनेटचा सूर किंचित हलला. ढोलवाला वळून बघू लागला.

"आल्यावर मले लगन करायचं आहे. तुमच्यासंगच करायचं आहे. पण घरी बसून नाही. तुमी ग्रेस मॅडमकडे कागदावरचं वाचायले शिका, अन् जहाजावरच्या बँडची परीक्षा द्या. मी पडून शिकली, तुमी बी पडून शिका." तिचा आवाज कापू लागला, तसा तिने तो आणखी चढवला. "आवडता तुमी मले. होय का नाही, ते सांगा."

ताराचंदने क्लॅरिनेट तोंडातून काढलं.

धून तटकन तुटली. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले. घोडा थांबला आणि नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून बघितलं.

"होय," तो म्हणाला. लाल कोटाच्या बाहीने त्याने तोंड पुसलं. "पण गोपिका... मले उशीर लागला, तं तू माझ्यासाठी थांबजो नको."

"थांबतच नाही," ती म्हणाली. "तू ये."

मागून महादेवराव दोन पावलं पुढे आले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग त्या अनोळखी मुलीकडे पाहिलं. वऱ्हाडातला कुणीतरी ओरडू लागला होता. महादेवरावांनी स्वतःचं ट्रंपेट उचललं आणि जिथे धून तुटली होती, नेमकी तिथून पुढे एकट्याने वाजवायला सुरुवात केली. ढोल त्यांना येऊन मिळाला, वऱ्हाडी पुन्हा नाचू लागले आणि ताराचंदने क्लॅरिनेट ओठांना लावलं. पहिले चार सूर त्याला लागेनात. गोपिका मांडवाच्या दारापर्यंत त्याच्या बाजूने चालत राहिली.