सुतळीची गाठ

रोज सकाळी ती आधी बुटांवर कापडी मोजे चढवी, केस टोपीत कोंबी आणि कुणाशी बोलण्यापूर्वी मोठ्या भट्टीच्या दारावर तळहात टेकवी. पत्रा कोमट लागला तर मागे फिरून चहा घ्यायचा. गार लागला तरच दाराला बांधलेली सुतळी सोडायची. ही सुतळी तिनेच सुरू केली होती. दाराला कुलूप बसवलं असतं तर किल्ली साहेबांच्या खिशात गेली असती. गाठ मात्र तिच्या हातची, आणि ती तिनेच सोडायची, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं.

त्या सकाळी दार बोटभर उघडं होतं. फटीतून धग बाहेर येत होती. समोरच्या स्टुलावर एक अनोळखी तरुण बसला होता, आणि सुतळी त्याच्या बोटाला गुंडाळलेली होती.

“गाठ कुणी सोडली?”

तो गडबडून उठला. “मी... तुमचे साहेब म्हणाले, घाई असेल तर दार जरा किलकिलं करा, लवकर निवेल.”

“भट्टी म्हणजे काय चहाची बशी आहे, फुंकर घालून निववायला?”

“नाही, पण... गाठ फार सुरेख होती. कापवेना. नखाने सोडवत बसलो होतो.”

“मग संध्याकाळपर्यंत सोडवत बसायचं होतंत!”

तिने दार लोटलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आत अंगठ्याएवढे पांढरे तुकडे ओळीने मांडलेले होते. कानामागचं हाड किडीने पोखरलं की ती पोकळी भरायला ते वापरत. काच ओतायची, हळूहळू निववायची, मग पुन्हा तापवून तिच्यात बारीक स्फटिक वाढू द्यायचे. तेव्हा ती दुधासारखी पांढरी होते आणि हाडाशी नातं जोडण्याइतकी घट्ट. शेवटी बंद दाराआड तिचा ताप आपसूक उतरू द्यायचा. मध्येच गार वारा लागला, तर केसाहून बारीक तडे जातात, आणि त्या पांढऱ्या अंगात ते डोळ्यांना दिसत नाहीत.

हे सगळं तिने त्याला एका दमात, रागाने ऐकवलं. त्याने मान खाली घालून, पण फार लक्षपूर्वक ऐकलं. ऐकणं हाच त्याचा व्यवसाय होता. रुग्णालयात तो लोकांची श्रवणशक्ती तपासत असे.

“आठवीतली एक मुलगी आहे,” तो म्हणाला. “उद्या तिचं ऑपरेशन, तिच्यासाठीच तुकडा न्यायला आलोय. लहान होती तेव्हापासून यंत्राचे बीप-बीप आवाज ऐकवून तिचे कान मी तपासतोय. मला बीपबीपकाका म्हणते.”

“काका? तुम्ही?”

“केस पिकायच्या आधीच बढती मिळाली.”

तिला हसू येत होतं. तिने ते गिळलं. ज्याच्यावर संतापायचं, त्याचे डोळे इतके सरळ असू नयेत...

तुकडे हाताळण्याजोगे झाल्यावर तिने ते लोकरीच्या कापडावर मांडले आणि काचेच्या कांडीने एकेकावर टिचकी मारू लागली. पॅकिंगच्या मावशी डबे घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या.

“चार पैशांचं मडकंसुद्धा वाजवून घेतात, पोरी. हे तर माणसाच्या डोक्यात बसायचंय.”

पहिला टणकन वाजला. दुसराही. तिसऱ्याला तिने टिचकी मारली, तेव्हा तो तरुण डोळे मिटून उभा होता.

“हा गेला,” तो हलकेच म्हणाला.

“कशावरून?”

“आवाज लगेच मेला. बाकीचे जरा रेंगाळतात.”

तिनेही तेच ऐकलं होतं. चौथ्या तुकड्यापासून ती कांडी मारण्याआधी त्याच्याकडे पाहू लागली... आणि त्याचे डोळे मिटलेले असल्यामुळे जरा जास्त वेळ पाहू लागली.

“बीपबीपकाकांचा कान चांगला आहे हो,” मावशी कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं बोलल्या.

इतक्यात साहेब आले. “काय झालं? बद्द वाजणारे बाजूला काढ, वाजणारे भर. गाडी बोलावतोय मी.”

“साहेब, एकाच भट्टीतले, एकच वारा खाल्लेले आहेत सगळे. आज वाजतात म्हणून उद्या टिकतील असं नाही.”

“दिसतंय का तुला काही? दिसत नाही तो दोष नाही!”

“तुमच्या लेकीच्या कानामागे बसवाल?”

“माझ्या लेकीला कशाला मध्ये आणतेस?”

“कुणाची तरी लेक आहेच की मध्ये!”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “मी परत येईपर्यंत डबे तयार पाहिजेत,” असं म्हणून ते फोन करायला निघून गेले.

इतक्या साध्या गोष्टीसाठी भांडावं लागतं, याच्या चिडीने तिने कांडी कापडावर टाकली. तिने त्याच्याकडे पाहिलं. आता हा काय म्हणणार? ‘वाजणारा एखादा तरी द्या’?

त्याने खिशातून फोन काढला.

“डॉक्टर, उद्याचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल... नाही, कारखान्याने उशीर केला नाही. भट्टीचं दार मी उघडलं. हो, मीच. तिच्या आईला मी स्वतः सांगतो.”

फोन ठेवून त्याने तुकड्यांचा ट्रे उचलला आणि तिच्यापुढे धरला. लोखंडी खलात तिने आधी बद्द वाजणारे फोडले, मग टणकन वाजणारेही. मावशींनी रिकामे डबे निमूटपणे पुन्हा एकात एक रचले.

काल ओतलेल्या तुकड्यांची नवी रास तिने भट्टीत लावली, दार मिटलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. न्यायला काहीच नव्हतं.

“सुतळी,” तिने हात पुढे केला.

त्याने ती बोटावरून उलगडून दिली. कडीभोवती वेढा घालून तिने पहिली गाठ मारली.

“इथे बोट ठेवा.”

त्याने ठेवलं. तिने वरून दुसरी गाठ आवळत आणली.

“काढा आता.”

“घाई कशाला?” तो म्हणाला.

तिचा राग अजून पुरता निवला नव्हता. तरी साहेबांची पावलं दाराशी येऊन थबकली, तेव्हाही तिने ती गाठ अगदी सावकाश, त्याच्या बोटाला धक्का न लावता, घट्ट केली.